किडनी तक्रार करत नाही, म्हणून आपणच तिला विचारायचे



आपल्या वस्त्यांमध्ये आता आरोग्य शिबिरे होऊ लागली आहेत. जयंतीच्या आठवड्यात, महापरिनिर्वाण दिनाला, कधी वर्षावासात विहाराच्या ओट्यावर टेबल मांडले जाते. वजन होते, बीपी मोजला जातो, बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, शक्तीच्या गोळ्यांची पुडी हातात पडते आणि माणूस समाधानाने घरी जातो. रांजणगाव शेणपुंजी असो, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी किंवा पंढरपूर, थोड्याफार फरकाने चित्र हेच. ही शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कष्टांचे मोल मोठे आहे. पण त्यातून एक साधी तपासणी बहुतेक वेळा सुटते. ती म्हणजे लघवीची. आणि तिच्या जोडीची, रक्तातल्या क्रिएटिनिनची.

या लेखात माझे म्हणणे एवढेच आहे. ज्याला साखर किंवा बीपी आहे, जो उन्हात किंवा भट्टीजवळ राबतो, ज्याच्या खिशात अंगदुखीची गोळी कायम असते, त्याने या दोन तपासण्या वर्षातून एकदा, काहीही त्रास नसताना, केल्याच पाहिजेत. आणि त्या व्हाव्यात अशी सोय करणे हे एकट्या माणसावर सोडून चालणार नाही. ते वस्तीचे काम आहे.

दुखत नाही, म्हणून बरे आहे का?

"मला काहीच होत नाही, मग कशाला तपासू?" हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो. दात किंवा पोटाच्या बाबतीत तो एक वेळ चालेल. किडनीच्या बाबतीत तो घात करतो.

पाठीच्या खालच्या बाजूला, बरगड्यांच्या आत, मणक्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. चोवीस तासांत त्या सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले कामाचे पाणी आणि क्षार शरीराला परत देऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. शिवाय बीपी ताब्यात ठेवणे, रक्त तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक बनवणे, हाडांसाठी 'ड' जीवनसत्त्व कामी लावणे ही कामेही किडनीच करते.

निसर्गाने तिला ताकद गरजेपेक्षा बरीच जास्त दिली आहे. म्हणूनच एक किडनी दान केलेला माणूसही नीट जगू शकतो. पण ही शिल्लक ताकदच आजार झाकून ठेवते. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या गाळण्या जास्त काम करून वेळ निभावतात. अर्धी ताकद गेली तरी माणूस शिफ्टला जातो, जेवतो, लग्नात नाचतो. पायावर सूज, सकाळी डोळ्यांभोवती फुगवटा, भूक मरणे, मळमळ, अंगाला खाज, जिना चढताना दम ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. तेव्हाही आपण म्हणतो, "नाइट शिफ्टचा थकवा आहे", "पित्त झालंय".

उलट कंबर दुखली की लोक किडनीच्या शंकेने घाबरतात. दिवसभर वजन उचलणाऱ्याची कंबर बहुतेक वेळा स्नायूंमुळे किंवा मणक्यामुळे दुखते. मुतखडा दुखतो, जंतुसंसर्गाने ताप-कळा येतात, हे खरे. पण साखर आणि बीपीमुळे वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत जाणारी किडनी सहसा दुखतच नाही. त्यामुळे दुखण्याची वाट पाहणाऱ्याला ती सापडत नाही.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

किडनी म्हणजे चाळणी समजा. चाळणीबद्दल दोन गोष्टी कळायला हव्यात. ती फाटली आहे का? आणि ती पुरेसे गाळते आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लघवी देते. चाळणी चांगली असेल तर रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत येत नाही, आले तरी नगण्य. चाळणीला इजा होऊ लागली की ते झिरपते. ही इजा पुष्कळदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी दिसते, विशेषतः मधुमेहात. साध्या पट्टीच्या तपासणीत प्रथिन 'निल', 'ट्रेस', '१+', '२+' असे लिहून येते. त्याहून नेमकी तपासणी म्हणजे 'युरीन एसीआर'. तिचा आकडा ३० च्या आत असावा. ३० ते ३०० म्हणजे इशारा. ३०० च्या वर म्हणजे उशीर न करता डॉक्टर. साखरेच्या रुग्णाने शक्यतो एसीआरच करून घ्यावी, कारण सुरुवातीची थोडी गळती साध्या पट्टीवर दिसेलच असे नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रक्तातले क्रिएटिनिन देते. स्नायूंच्या कामातून तयार होणारा हा कचरा किडनी बाहेर टाकते. ती मंदावली की तो रक्तात साचतो. पण इथे एक मेख आहे. ती आपल्या प्रत्येक घराला माहीत असावी.

समजा लॅबच्या कागदावर क्रिएटिनिन १.२ आले. समोर छापलेल्या मर्यादेत ते बसते, म्हणून 'नॉर्मल' समजून कागद पिशवीत जातो. पण २५ वर्षांच्या तरुणाला १.२ असेल तर त्याची गाळण्याची क्षमता सुमारे ८६ निघते. तेच १.२ पन्नाशीच्या बाईला असेल तर तिची क्षमता सुमारे ५५ च असते. आकडा एक, अर्थ दोन. कारण बाईच्या अंगात स्नायू कमी, वय जास्त, म्हणजे कचरा मुळातच कमी तयार होतो. तरीही तो साचतो आहे, याचा अर्थ किडनी मागे पडली आहे. म्हणून क्रिएटिनिनवरून वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून काढलेला 'ईजीएफआर' हा आकडा मागून घ्या. लॅबने लिहिला नसेल तर डॉक्टरांना विचारा, "माझा ईजीएफआर किती?" ९० च्या वर असेल तर उत्तम. ६० ते ९० च्या दरम्यान असून लघवीत प्रथिन जात नसेल तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. ६० च्या खाली जाऊन तीन महिन्यांनंतरही तिथेच राहिला तर तो दीर्घकालीन किडनी विकार. १५ च्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

'तीन महिन्यांनंतरही' हे शब्द लक्षात ठेवा. ताप, जुलाब, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम, यांमुळे आकडे तात्पुरते बिघडू शकतात. मटण-चिकनच्या भरपेट जेवणानंतरही क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसते. पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी फसवी येऊ शकते. त्यामुळे एका कागदावरून हाय खायची नाही. पण तो कागद फेकायचाही नाही. पुन्हा तपासायचे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, ही शिकवण आपल्याला तथागतांनी दिली आहे. ती शरीरालाही लागू आहे.

वाळूजमध्ये हे जास्त का लागू आहे?

किडनी निकामी होण्याची दोन सगळ्यात मोठी कारणे जगभर एकच आहेत, मधुमेह आणि वाढलेला बीपी. हे आजार बंगल्यातल्या लोकांचे, असा समज आता सोडायला हवा. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या वेदना आणि कमी होत चाललेली नजर सोसत ते लिहीत होते, आणि तशा प्रकृतीतच त्यांनी १९५६ मध्ये नागपूरला आपल्याला धम्म दिला. जो आजार बाबासाहेबांना पोखरत होता, त्याला आपण 'थोडी शुगर आहे' म्हणून हसण्यावारी नेतो, हे बरोबर नाही.

या दोन कारणांच्या जोडीला वाळूजच्या कष्टकऱ्याच्या वाट्याला आणखी काही येते.

पहिली गोष्ट उष्णता आणि पाणी. मराठवाड्याचा मे महिना, वर पत्रे, आत भट्टी किंवा ओव्हन. घामावाटे अंगातले पाणी जाते. पण लाइन सोडून पाण्याला जायचे तर सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या, आणि पाणी प्यायले तर पुन्हा लघवीला जावे लागणार. म्हणून कित्येक जण, विशेषतः पॅकिंग आणि हाउसकीपिंगमधल्या भगिनी, मुद्दाम कमी पाणी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. यातून जंतुसंसर्ग आणि मुतखडा, दोन्हींचा धोका वाढतो.

उष्णतेचा धोका नुसता मुतखड्यापुरता नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत गेल्या दोन-तीन दशकांत ऊसतोड करणाऱ्या हजारो तरुण मजुरांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांतल्या बहुतेकांना ना मधुमेह होता, ना आधीपासून बीपी. नेमक्या कारणांवर शास्त्रज्ञांचा वाद अजून संपलेला नाही. पण कडक उन्हात पुरेसे पाणी आणि विश्रांती न घेता दिवसेंदिवस केलेले अतिश्रम हे त्यातले एक मोठे कारण मानले जाते. त्यावर तिथे शोधलेला उपाय साधा आहे: पाणी, सावली आणि ठरावीक वेळाने विश्रांती. बीड-जालन्याच्या ऊसतोडीतून वाळूजच्या शेडमध्ये आलेल्या आपल्या माणसाला या तीन शब्दांची किंमत सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्या. बारा तास उभे राहिल्यावर अंग ठणकते. टपरीवर किंवा मेडिकलवर चिठ्ठीशिवाय गोळी मिळते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा पुरवठा कमी करतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने चार दिवस घेतली तर निरोगी माणसाला सहसा अडचण येत नाही. पण रोज, महिनोन्‌महिने, त्यात घामाने अंगातले पाणी कमी झालेले आणि सोबत बीपी किंवा साखर असेल तर ती किडनीवर घाव घालते. त्याच ओळीत 'शंभर टक्के देशी' म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्याही बसतात. अशा काही औषधांत शिसे, पारा यांसारखे विषारी धातू सापडलेले आहेत. ज्या पुडीवर घटक छापलेले नाहीत, ती पोटात घालू नका.

तिसरी गोष्ट आपल्या माता-भगिनींची. गरोदरपणात ज्यांचा बीपी वाढला होता, लघवीतून प्रथिन गेले होते, त्यांना पुढे बीपी आणि किडनीचा आजार होण्याचा धोका जास्त असतो. बाळंतपण झाले की ती फाइल बंद होते, ती बंद होऊ नये. आणखी एक कटू गोष्ट सांगतो. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त आहेत. आई देते, बायको देते. घरातल्या पुरुषासाठी जी आपले अवयव द्यायला तयार होते, तिच्या स्वतःच्या बीपीकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते.

"कळून तरी काय करणार?"

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. त्यामागे भीती आहे, आणि ती खोटी नाही. आजार निघाला तर खर्च कोण करणार? ठेकेदाराला कळले तर उद्यापासून गेट पास बंद होणार नाही ना?

आधी औषधाचे पाहू. लवकर कळले तर करण्यासारखे पुष्कळ आहे. बीपी आटोक्यात आणणे, साखर आटोक्यात आणणे, वेदनाशामक गोळ्या बंद करणे, मीठ कमी करणे (दिवसाला सगळे मिळून एका लहान चमच्याएवढे, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही यात धरायचे), तंबाखू आणि दारू सोडणे. लघवीतून प्रथिन जात असेल तर टेल्मिसार्टनसारखी बीपीची काही औषधे ती गळती कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे किडनीची घसरण मंदावतात, हे गेल्या काही वर्षांत मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. भारतात या औषधाचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते अनेक कंपन्यांचे, पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही. मुद्दा असा की ही औषधे किडनी शिल्लक असेपर्यंतच तिला वाचवू शकतात.

आता दुसरी बाजू पाहा. किडनी पूर्ण निकामी झाल्यावर साधारण आठवड्याला तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिस लागते. वर्षाला दीडशेहून जास्त फेऱ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, हा मोठा आधार आहे. पण मशीन मोफत झाले तरी वाळूजहून शहरात जाण्या-येण्याचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि आठवड्यातले तीन खाडे कोणती योजना भरून देणार? ज्या घरात कमावणारा एकच आहे, त्या घराची घडी पहिल्या सहा महिन्यांतच मोडते. मुलाचे कॉलेज सुटते, मुलीच्या लग्नाची घाई होते. एवढ्या मोठ्या संकटासमोर क्रिएटिनिनच्या तपासणीचे काही शे रुपये काहीच नाहीत.

नोकरीच्या भीतीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, आपला रिपोर्ट ही आपली खासगी गोष्ट आहे. तो कंपनीच्या दारात दाखवायची सक्ती नाही. दुसरी, ज्याच्या पगारातून ईएसआय कापला जातो, तो उपकार म्हणून दवाखान्यात जात नाही, हक्काने जातो. १९४८ च्या ईएसआय कायद्याने आजारपणात ठरावीक काळ पगाराच्या सुमारे ७० टक्के भत्ता ठेवला, तो भत्ता चालू असताना कामगाराला काढून टाकायला मनाई केली, आणि ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणी भरली जाते की नाही याची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकली. दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. तुमची पगार पावती आजच काढून पाहा. ईएसआयची कपात दिसत नसेल तर का दिसत नाही, हे ठेकेदाराला एकट्याने विचारू नका, चौघांनी मिळून विचारा.

हे कार्ड कुठून आले, हेही आपल्याला माहीत असावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्राध्यापक अडारकर यांच्यावर सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. बाबासाहेबांच्या कारकिर्दीत ज्याची पायाभरणी झाली, ते कार्ड आपण फक्त आजारी पडल्यावर शोधायला लागतो. निरोगी असताना तपासणीसाठी ते वापरणे हा त्याचा खरा उपयोग.

सरकारकडे आणि कंपनीकडे काय मागायचे?

माझी एक तक्रार व्यवस्थेबद्दल आहे. किडनी गेल्यावर पैसा उपलब्ध आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा राज्य सरकारने २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, ते योग्यच झाले. पण ती वेळ येऊ नये म्हणून लागणारी लघवीची बाटली वस्तीपर्यंत पोहोचत नाही. तिशीपुढच्या सर्वांचा बीपी आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई त्यासाठी घरोघरी फिरतात. ज्याचा बीपी किंवा साखर वाढलेली निघते, त्याच्या नावापुढे त्याच दिवशी लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन हे दोन रकाने भरले गेले पाहिजेत. ही मागणी आपण ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात लेखी करायला हवी.

सध्या काय मिळते तेही वापरू या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे असल्याने तिथे नियमाप्रमाणे शुल्क पडते, पण खासगीपेक्षा ते कमी असते. आपल्या केंद्रात जाऊन "क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासायचे आहे" असे नेमके सांगा. नुसते "चेकअप करायचे आहे" म्हटले तर पुन्हा वजन आणि बीपीवरच गाडी थांबेल.

कंपन्यांकडेही मागायचे आहे. कारखान्यात पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय, आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय १९४८ च्या कारखाने कायद्याने बंधनकारक केली होती. पंचाहत्तर वर्षांनंतरही लघवीला जायला परवानगी मागावी लागत असेल, तर तो प्रश्न आरोग्याचा तर आहेच, माणुसकीचाही आहे. युनियन असेल तिथे पगारवाढीच्या मागणीपत्रात पाणी, विश्रांती आणि वार्षिक तपासणी हे मुद्दे आले पाहिजेत.

वस्तीने काय करावे?

आपले विहार ही आपली मोठी ताकद आहे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी लोक जमतात. ग्रंथवाचन होते. एवढी नियमित उपस्थिती कोणत्याही सरकारी शिबिराला मिळत नाही. या तीन महिन्यांतला एक रविवार किडनीसाठी द्यावा, असे मला सुचवायचे आहे.

त्या दिवशी सगळ्या वस्तीची सगळी तपासणी करण्याच्या भानगडीत पडू नये. आधी यादी करावी: ज्यांना साखर आहे, बीपी आहे, हृदयविकार आहे, मुतखडा वारंवार होतो, ज्यांच्या घरात किडनीचा आजार झालेला आहे, जे अंगदुखीची गोळी नेहमी घेतात, ज्यांना गरोदरपणात बीपी होता, जे भट्टीजवळ किंवा उन्हात काम करतात आणि ज्यांनी साठी ओलांडली आहे. एवढ्यांचीच लघवी आणि क्रिएटिनिन. उपाशीपोटी येण्याची गरज नाही. लघवी शक्यतो सकाळची पहिली आणावी. ज्यांना ताप आहे त्यांनी आठवड्याने द्यावी. लॅबवाल्याशी बोलून पन्नास-साठ जणांचे एकत्र दर ठरवले तर खर्च बराच खाली येतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग, डीजेचा एक तास कमी करून, इकडे वळवता येईल. यावर कोणाला राग येणार असेल तर त्यांनी हिशेब मांडून मला उत्तर द्यावे.

खरे काम शिबिरानंतर सुरू होते. ज्यांचे आकडे बिघडलेले आहेत, त्यांच्याकडे आठ दिवसांत कोणीतरी जाऊन चौकशी केली पाहिजे. डॉक्टरकडे गेले का? तीन महिन्यांनी पुन्हा तपासले का? महिला मंडळातल्या दोघी आणि युवक मंडळातले दोघे एवढे करू शकतात. मात्र वही त्यांच्याच ताब्यात राहावी. कोणाचा आकडा ओट्यावर बसून सांगायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. रिपोर्ट फुटला की पुढच्या वर्षी कोणी बाटली घेऊन येणार नाही. आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आपल्या शेजाऱ्याला तीन महिन्यांनी आठवण करून देणे ही त्याच सेवेची आजची रीत आहे.

पाण्याबद्दल एक खुलासा, कारण त्यावर फार गैरसमज आहेत. "पाणी भरपूर प्या, किडनी साफ होते," हे अर्धसत्य आहे. राबणाऱ्या निरोगी माणसाने लघवी फिकट पिवळी राहील एवढे पाणी दिवसभरात प्यावे. पण ज्याची किडनी आधीच कमजोर आहे, अंगावर सूज आहे, त्याला जास्त पाणी धोक्याचे ठरू शकते. त्याने प्रमाण डॉक्टरांना विचारावे. आपण कोणत्या गटात आहोत, हे तपासल्याशिवाय कळणार कसे? बोअरच्या पाण्याबद्दल शंका असेल तर तर्क लढवत बसू नका. ग्रामपंचायतीमार्फत नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाठवा.

शेवटी प्रत्येक घरासाठी एकच काम सांगतो. हा अंक खाली ठेवल्यावर घरातल्या मोठ्या माणसांची नावे एका कागदावर लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने करा: बीपी, साखर, लघवीतले प्रथिन, ईजीएफआर. शेवटचे दोन रकाने किती जणांचे रिकामे राहतात ते पाहा. ज्यांना साखर किंवा बीपी आहे आणि तरीही हे दोन रकाने रिकामे आहेत, त्यांचे नाव सगळ्यांत वर घ्या. पगार झाला की पहिल्या सुट्टीला त्यांना घेऊन निघा.